वादळ गेल्यावर समुद्र हिरवा होतो का, हे स्वतः बघायचंय? नासाच्या वर्ल्डव्ह्यू वेबसाईटचा रिव्ह्यू

चक्रीवादळाची बातमी चालू असते तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष ढगांच्या भोवऱ्याकडे असतं, डोळा केवढा, वारा किती, जमिनीवर कधी येणार, आणि एकदा ते किनाऱ्यावर जाऊन विरलं की विषय बंद. पण ज्या पाण्यावरून ते गेलं त्या पाण्यात मोठी घडामोड पुढच्या दोन-तीन आठवड्यांत होते, खोलातलं गार पाणी वर आलेलं असतं, त्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेट वर आलेलं असतं, आणि उन्हात येऊन सूक्ष्म वनस्पती म्हणजे फायटोप्लँक्टन भराभर वाढायला लागतं. हे सगळं घरबसल्या बघायला नासाची वर्ल्डव्ह्यू ही वेबसाईट आहे आणि हा रिव्ह्यू फक्त तेवढ्या एका कामापुरता आहे. तिच्यावर वणवे, धूळ, बर्फ, पूर, रात्रीचे दिवे असं हजारेक लेअर्सचं (म्हणजे नकाशावर चढवायच्या माहितीच्या थरांचं) भांडार आहे, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

आधीच सांगून टाकते, मला ही वेबसाईट मनापासून आवडते. फुकट आहे, बघण्यासाठी लॉगिन लागत नाही, नुसत्या ब्राउझरवर चालते, आणि सॅटेलाईटनं फोटो काढल्यापासून बऱ्याचशा लेअर्स साधारण तीन तासांत समोर येतात. पण क्लोरोफिलची (प्लँक्टनमधलं हिरवं द्रव्य, त्यावरून प्लँक्टन किती ते कळतं) एकच लेअर लावून, हिरवा डाग दिसला की "बघा वादळानं प्लँक्टन वाढवलं" म्हणणाऱ्यांची या साईटवर हमखास फसगत होते. यात साईटचा दोष नाही, ती जे दिसलं ते दाखवते, अर्थ आपल्याला लावावा लागतो. म्हणून रिव्ह्यूसोबत अर्थ कसा लावायचा तेही लिहितेय, नाहीतर नुसतं "पाच स्टार, मस्त आहे" लिहून कुणाचा काय फायदा.

आधी पाण्यात काय होतं ते थोडं, कारण त्याशिवाय कुठली लेअर कशाला लावायची तेच कळणार नाही. उष्ण कटिबंधातला खुला समुद्र वरून बघायला सुंदर निळा असतो आणि तो निळा असतो याचं कारणच हे की त्यात फारसं काही वाढत नाही. वरचा थर कोमट, हलका, उन्हानं भरलेला पण पोषक द्रव्यं जवळपास संपलेली, आणि खालचा थर गार, जड, पोषक द्रव्यांनी भरलेला पण तिथे ऊन पोचत नाही. दोन्ही थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत. चक्रीवादळ हे मिसळण्याचं काम दोन पद्धतीनं करतं. एक म्हणजे सरळ घुसळण, वाऱ्यानं वरचं पाणी जोरात पळायला लागतं, खालचं जागेवर असतं, त्या घर्षणातून खालचं पाणी वर ओढलं जातं. दुसरी पद्धत जास्त इंटरेस्टिंग आहे, वादळाचा वारा गोल फिरतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी केंद्रापासून बाहेर ढकललं जातं, मग ती जागा भरायला खालून पाणी वर येतं, याला एकमन पंपिंग म्हणतात. वादळ वेगात निघून गेलं तर मुख्यतः घुसळण होते, आणि ते रेंगाळलं, एका जागी बसून राहिलं, तर पंपिंगला वेळ मिळतो आणि फार खोलवरून पाणी वर येतं. म्हणजे प्लँक्टनच्या दृष्टीनं वादळाची कॅटेगरी जितकी महत्त्वाची तितकाच त्याचा पुढे सरकण्याचा वेग महत्त्वाचा, आणि बातम्यांत त्या दुसऱ्या आकड्याकडे कुणी लक्ष देत नाही.

आता साईटकडे. उघडल्यावर डाव्या बाजूला लेअर्स, इव्हेंट्स, डेटा असे टॅब असतात. इव्हेंट्समध्ये गेलात की वादळांची यादी मिळते, एखाद्यावर क्लिक केलं की नकाशा तिथे जातो, तारीख आपोआप बदलते आणि वादळाचा मार्ग ठिपक्यांच्या रेषेत दिसतो. ही सोय मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटते कारण मार्ग माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. मार्ग दिसला की लेअर्समध्ये जाऊन क्लोरोफिल शोधायचं, तिथे एकाच नावाच्या बऱ्याच लेअर्स येतात, ॲक्वा सॅटेलाईटवरच्या मोडिस या उपकरणाची, सुओमी एनपीपी आणि नोआ-२० या सॅटेलाईट्सवरच्या व्हिअर्स या उपकरणाची, सेंटिनेल-३ ची आणि नवीन पेस सॅटेलाईटची. नवीन माणूस इथे गोंधळतो. साधा नियम असा की जुनं वादळ बघायचं असेल तर ॲक्वा, कारण तिचा क्लोरोफिलचा डेटा २००२ च्या जुलैपासून आहे, आणि अलीकडचं बघायचं असेल तर व्हिअर्स किंवा पेस. मोडिसचा पट्टा साधारण २३३० किलोमीटर रुंद आहे त्यामुळे विषुववृत्ताच्या आसपास रोज दोन पट्ट्यांच्या मध्ये फटी राहतात, व्हिअर्सचा पट्टा ३००० किलोमीटरच्या वर आहे त्यामुळे त्याला फटी राहत नाहीत. शिवाय मोडिसला सूर्याची चकाकी चुकवायला कलता येत नाही, म्हणून उष्ण कटिबंधात चकाकीमुळे रिकामे पट्टे दिसतात, पेसवरचं ओसीआय हे उपकरण २० अंश कलतं आणि ते बरंच टाळतं.

लेअर लावली की स्केलकडे नीट बघा. क्लोरोफिलचा स्केल लॉगरिदमिक असतो, म्हणजे रंगातला छोटा फरक हा आकड्यात मोठा फरक असू शकतो. निळ्या वाळवंटी समुद्रात एका घनमीटर पाण्यात ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी क्लोरोफिल असतं, आणि १ च्या वर गेलं की खुल्या समुद्रासाठी ते भरपूर झालं. माऊस नकाशावर फिरवला की खाली लेजेंडवर त्या जागेचा आकडा दिसतो, ही सोय लोकांना माहीतच नसते आणि ते रंग बघून अंदाज करत बसतात. सेटिंग्जमध्ये जाऊन स्केलची वरची-खालची मर्यादा बदलता येते, रंगांची पॅलेटही बदलता येते, खुल्या समुद्रासाठी वरची मर्यादा खाली आणली की पुसट ब्लूमसुद्धा (ब्लूम म्हणजे प्लँक्टनची एकदम झालेली वाढ) उठून दिसतो. पण आधीचा आणि नंतरचा दोन्ही फोटो एकाच सेटिंगवर बघा, नाहीतर तुलनेला काही अर्थ राहत नाही.

आणि आता मी ज्याचा सगळ्यात जास्त आग्रह धरते ते, समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाची लेअर. यादीत एमयूआर नावानं जी आहे ती लावा. ती इन्फ्रारेड आणि मायक्रोवेव्ह अशा अनेक सॅटेलाईट्सचा आणि समुद्रातल्या मोजमापांचा डेटा एकत्र करून रोज एक पूर्ण नकाशा देते, साधारण एक किलोमीटरच्या जाळीवर, ढग असले तरी. वादळ गेल्यावर मार्गाच्या मागे थंड पाण्याचा एक पट्टा दिसतो, त्याला कोल्ड वेक म्हणतात, आणि खरा ब्लूम असेल तर तो त्या थंड पट्ट्याच्या आतच किंवा त्याला लागून असणार, कारण दोन्ही एकाच खालून आलेल्या पाण्यामुळे झालेले असतात. थंडपणा नाही आणि हिरवा डाग आहे, तर तो डाग दुसऱ्या कशाचा तरी आहे असं समजून आधी दुसरी कारणं शोधायची. एक सावधगिरी मात्र इथेही आहे, एमयूआर नकाशा सलग दिसतो म्हणून प्रत्येक ठिपका मोजलेला असतो असं नाही, दाट पाऊस असेल तिथे मायक्रोवेव्हलाही दिसत नाही आणि रिकाम्या जागा आजूबाजूच्या मोजमापावरून भरल्या जातात, त्यामुळे प्रत्यक्ष वादळाच्या दिवशीचा आकडा फार गंभीरपणे घेऊ नका, दोन-तीन दिवसांनंतरचा घ्या.

थंड पट्टा बघताना एक गोष्ट लगेच लक्षात येते की तो मार्गाच्या बरोबर मध्ये नसतो. उत्तर गोलार्धात तो मार्गाच्या उजव्या बाजूला सरकलेला असतो आणि दक्षिण गोलार्धात डाव्या. कारण असं की वादळ पुढे सरकताना उत्तर गोलार्धात उजव्या बाजूच्या वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळत जाते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्रातला प्रवाहही त्याच दिशेनं वळत असतो, दोघांचा मेळ बसला की वारा प्रवाहाला सतत पुढे रेटत राहतो, प्रवाह जोरदार होतो आणि घुसळण वाढते. या प्रवाहाला एक पूर्ण फेरी मारायला १५ अंश अक्षांशावर साधारण ४६ तास लागतात, २० अंशावर ३५. इव्हेंट्समधली मार्गाची रेषा आणि तापमानाची लेअर एकत्र लावली की हा उजवा कल डोळ्यांनी दिसतो आणि मला विचाराल तर नुसत्या याच गोष्टीसाठी शिक्षकांनी ही साईट वर्गात उघडावी.

तुलना करण्यासाठी लेअर्सच्या खाली कम्पॅरिझन सुरू करायचं बटण आहे. ए आणि बी असे दोन संच तयार होतात, एकाला वादळाच्या आधीची तारीख द्या आणि दुसऱ्याला नंतरची, मधली रेषा डावी-उजवीकडे सरकवली की आधी आणि नंतर एकाच जागेवर दिसतं. ओपॅसिटी आणि स्पाय असे आणखी दोन प्रकार आहेत, स्पायमध्ये माऊसभोवती गोल खिडकी उघडते, मोठ्या प्रदेशात छोटा डाग शोधायला ती बरी पडते. ॲनिमेशन करून जीआयएफ उतरवून घेता येतं, मोजपट्टीनं डागाची लांबी आणि क्षेत्रफळ मोजता येतं. आणि लिंकमध्ये तारीख, लेअर्स, झूम, स्केलची सेटिंग्ज सगळं साठवलं जातं, म्हणजे दुसऱ्याला लिंक पाठवली की त्याच्याकडे हुबेहूब तेच उघडतं, फोटोवरून वाद घालण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

मग अडचण कुठे आहे, तर ढगांत. क्लोरोफिल मोजणारी उपकरणं पाण्यातून परत आलेल्या प्रकाशाचा निळा आणि हिरवा भाग तपासतात, ढग आला की प्रकाश अडला आणि मोजमाप गेलं. वादळाच्या वेळी तर सगळा प्रदेशच ढगाखाली असतो आणि नंतरही काही दिवस ढगांचे तुकडे रेंगाळतात. म्हणजे जे दिवस बघायला सगळ्यात जास्त उत्सुकता असते नेमके तेच दिवस नकाशावर रिकामे. यावर साईटकडे जादूचा उपाय नाही, एकेक दिवस पुढे जात प्रत्येक दिवशी जेवढा तुकडा उघडा आहे तेवढा बघायचा आणि मनात जोडायचा. सुदैवानं प्लँक्टनलाही थोडा वेळ लागतोच, घुसळणीत पेशी खाली अंधारात ओढल्या गेलेल्या असतात, आभाळ भरलेलं असल्यानं ऊन कमी असतं, पाणी शांत होऊन वरचा थर पुन्हा बसायला लागला की वाढ जोर धरते, म्हणून ब्लूमचा कळस बहुतेक वेळा वादळ गेल्यानंतर काही दिवसांनी येतो. दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून टॅब बंद करू नका, निदान दोन आठवडे पुढे सरकवत जा.

आता या सगळ्यात माझं जे मुख्य म्हणणं आहे ते, प्रत्येक वादळ ब्लूम आणत नाही, आणि वर्ल्डव्ह्यूची खरी किंमत मला वाटते ती हे स्वतः तपासता येण्यात आहे. लोकांना गाजलेली उदाहरणं माहीत असतात. काई-टाक हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं, जुलै २००० मध्ये हे टायफून (तिकडे चक्रीवादळाला टायफून म्हणतात) दक्षिण चीन समुद्राच्या उत्तर भागात तीनेक दिवस जवळजवळ एका जागी रेंगाळलं, फार तगडं नव्हतं तरीही पृष्ठभागाचं तापमान सुमारे ९ अंशांनी उतरलं आणि क्लोरोफिल सरासरी ३० पट वाढलं. तैवानच्या आय-आय लिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे मांडलं, त्यांच्या हिशोबानं या एका वादळानं दक्षिण चीन समुद्राच्या वर्षभराच्या नव्या उत्पादनाच्या (म्हणजे खालून आलेल्या पोषक द्रव्यांवर होणाऱ्या वाढीच्या) २ ते ४ टक्के काम करून टाकलं. (हे वादळ ॲक्वाच्या लेअरमध्ये शोधत बसू नका, ती सॅटेलाईटच २००२ मध्ये वर गेली, काई-टाकची नोंद सीविफ्स या आधीच्या सॅटेलाईट उपकरणानं घेतली होती.) हे वाचलं की वाटतं प्रत्येक वादळ म्हणजे समुद्राला खताची गाडी. पण त्याच लिन यांनी नंतर पश्चिम उत्तर पॅसिफिकमधली २००३ सालची ११ टायफून तपासली तेव्हा ब्लूम फक्त २ नी आणला. आणि अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्राच्या बाजूला १९९८ ते २००१ मधल्या १३ हरिकेन्सचा (तिकडची चक्रीवादळं) अभ्यास झाला त्यात सगळ्यांच्या मागे क्लोरोफिल वाढलेलं दिसलं, पण वाढ किती, तर ५ टक्क्यांपासून ९१ टक्क्यांपर्यंत, आणि टिकली दोन-तीन आठवडे. ५ टक्के वाढ नकाशावर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही हो.

हा फरक का पडतो तेही साईटवर बरंचसं दिसतं. पोषक द्रव्यांचा साठा किती खोल आहे यावर बरंच अवलंबून, तो जवळ असेल तर साध्या वादळालाही वर आणता येतो, दीडशे-दोनशे मीटरवर असेल तर कॅटेगरी ५ चं वादळसुद्धा वेगानं निघून गेलं तर पोचत नाही. समुद्रात आधीच घड्याळाच्या उलट फिरणारा थंड भोवरा असेल (उत्तर गोलार्धात) तर तिथे खालचं पाणी आधीच वर उचललेलं असतं आणि वादळ नेमकं त्यावरून गेलं की ब्लूमची शक्यता खूप वाढते, कोमट भोवऱ्यावरून गेलं तर उलट. आणि उत्तर बंगालच्या उपसागरासारख्या ठिकाणी नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी वर पसरतं, ते हलकं असल्यानं खालच्या खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं बसतं, मान्सूननंतरच्या वादळांना ते झाकण फोडणं जड जातं, म्हणून तिथे वादळ जोरदार असूनही तापमान फारसं उतरत नाही. मान्सूनच्या आधी त्याच उपसागरात वादळ आलं तर गारवा चांगला दिसतो. हे दोन ऋतू एकाच समुद्रावर कम्पॅरिझनमध्ये लावून बघा, मला हा प्रयोग सगळ्यात शिकवणारा वाटला. शेजारचा अरबी समुद्र जास्त खारा आहे, तिथे असं जाड झाकण नसतं, तिथे २००७ च्या जूनमधलं गोनू बघण्यासारखं आहे, त्याच्या मागे गारवाही आला आणि क्लोरोफिलही वाढलं.

किनाऱ्याजवळ मात्र मी या लेअरवर अजिबात विश्वास ठेवत नाही आणि तुम्हीही ठेवू नका. क्लोरोफिलचं गणित मुळात स्वच्छ खुल्या समुद्रासाठी बसवलेलं आहे. वादळानंतर नद्यांना पूर येतो, गाळ येतो, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा तपकिरी रंग पाण्यात उतरतो, उथळ तळ ढवळून निघतो, आणि हे सगळं निळा प्रकाश शोषून घेतं किंवा हिरवा-पिवळा परत पाठवतं, म्हणजे उपकरणाला ते क्लोरोफिलसारखंच दिसतं. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लोरेन्स हरिकेननंतर नॉर्थ कॅरोलिनाच्या नद्यांमधून काळपट पाणी समुद्रात पसरलेलं सॅटेलाईट फोटोंत स्पष्ट दिसत होतं, अशा ठिकाणी लाल-नारिंगी क्लोरोफिल दाखवणारा नकाशा म्हणजे ब्लूमचा पुरावा नव्हे. म्हणून किनाऱ्याजवळ आधी खऱ्या रंगाची लेअर लावून पाणी तपकिरी आहे का ते बघायचं. पुराच्या पाण्यातून पोषक द्रव्यं येऊन नंतर खराही ब्लूम होतो, ते नाकारत नाहीये, पण गाळ आणि ब्लूम यातला फरक या नकाशावरून किनाऱ्याजवळ सांगता येत नाही.

दुसरी मोठी मर्यादा खोलीची. सॅटेलाईटला पाण्याचा वरचाच भाग दिसतो, स्वच्छ निळ्या पाण्यात वीस-चाळीस मीटर, गढूळ पाण्यात काही मीटर. आणि उष्ण समुद्रात सगळ्यात जास्त क्लोरोफिल बऱ्याचदा वर नसतंच, ते ५०-१०० मीटर खाली एका थरात असतं, जिथे वरून थोडं ऊन आणि खालून थोडी पोषक द्रव्यं दोन्ही मिळतात. वादळानं तो थर घुसळून वर आणला की नकाशा हिरवा होतो, पण नवीन काही वाढलेलंच नसतं, होतं तेच वर आलं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो कारण मग "वादळानं प्लँक्टन वाढवलं" हे वाक्य अर्धंच खरं ठरतं. अंदाज घ्यायचा एक मार्ग म्हणजे वेळ बघणं, वादळ गेल्याबरोबर लगेच हिरवं झालं आणि हळूहळू ओसरलं तर वर आलेल्या जुन्या मालाचा हात जास्त, आणि तीन-चार दिवसांनी चढत जाऊन मग कळस आला तर खरी वाढ जास्त. पण पक्कं कळायला पाण्याखालचं मोजमापच हवं, म्हणजे बायो-अर्गो फ्लोट, पाण्यात आपोआप वर-खाली जाऊन मोजमाप घेणारं तरंगतं यंत्र. २०१४ च्या ऑक्टोबरमधल्या हुदहुद वादळाच्या वेळी बंगालच्या उपसागरात असा एक फ्लोट होता म्हणून पृष्ठभागाखाली क्लोरोफिलचं काय झालं ते अभ्यासता आलं. नेहमीचा अर्गो फ्लोट दर १० दिवसांनी २००० मीटर खालून वर येतो, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या ब्लूममध्ये त्याची दोन-तीनच मोजमापं मिळतात, तीही तो योग्य जागी असेल तर.

आणि हिरवं झालं म्हणजे समुद्रानं कार्बन शोषला असंही लगेच लिहू नका. तेच गार, खोल पाणी वर येताना विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही घेऊन येतं, आणि वादळी वाऱ्यात तो हवेत पटकन निसटतो. १९९५ च्या हरिकेन सीझनमध्ये बर्म्युडाजवळ फेलिक्ससारख्या वादळांच्या वेळी समुद्रातून बाहेर पडणारा वायू वाढलेला मोजला गेला. वाढलेलं प्लँक्टन नंतर मरून खाली जातं, तिथे कुजताना ऑक्सिजन खातं, जिथे खाली ऑक्सिजन आधीच कमी आहे तिथे ही चिंतेची बाब आहे. यातलं काहीही वर्ल्डव्ह्यूच्या क्लोरोफिल लेअरमध्ये दिसत नाही आणि दिसेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

पर्याय काय आहेत तेही थोडक्यात. आकडे हवे असतील, म्हणजे अमुक चौकोनातलं सरासरी क्लोरोफिल आधी किती आणि नंतर किती असा ग्राफ, तर नासाचंच जिओव्हानी बरं, पण त्याला अर्थडेटाचं लॉगिन लागतं आणि दिसायला ते रुक्ष आहे. युरोपच्या कोपर्निकस मरीनचा मायओशन व्ह्यूअर आहे, त्यात अनेक सॅटेलाईट्स जोडून ढगांच्या फटी भरलेले रोजचे क्लोरोफिल नकाशे मिळतात, दिसायला ते फारच छान, पण भरलेली जागा आणि मोजलेली जागा यातला फरक लक्षात ठेवावा लागतो, वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात तर खास. मी स्वतः आधी वर्ल्डव्ह्यूवर रिकाम्या जागांसकट बघते आणि मगच फटी भरलेला नकाशा उघडते, उलट क्रमानं केलं तर सुंदर नकाशावर पटकन विश्वास बसतो.

पेसबद्दल मला खूप आशा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सॅटेलाईट वर गेली, ओसीआय प्रकाशाचे मोजके पट्टे न घेता अल्ट्राव्हायोलेटपासून जवळच्या इन्फ्रारेडपर्यंत सलग बारीक पट्ट्यांत मोजते, त्यातून कुठल्या प्रकारचं फायटोप्लँक्टन आहे याचाही अंदाज यायला लागलाय. वादळानंतर पोषक द्रव्यं एकदम मिळाली की डायटमसारखे मोठ्या पेशींचे, झटपट वाढणारे प्रकार पुढे येतात असं जे जहाजावरच्या नमुन्यांतून दिसतं ते पुढे नकाशावर बघायला मिळालं तर काय बहार येईल. टेरा (मोडिस असलेली दुसरी सॅटेलाईट) आणि ॲक्वा आता म्हाताऱ्या झाल्यात, ॲक्वा २०२२ पासून तिच्या जुन्या कक्षेतून हळूहळू सरकतेय, त्यामुळे तिच्या आधीच्या आणि आताच्या आकड्यांची तुलना करताना जपून.

कुणी वापरावी, तर शाळा-कॉलेजच्या शिक्षकांनी नक्की, समुद्रशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी नक्की, वादळांवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी तर आवर्जून. संशोधनाचे आकडे काढायला ही नाही, त्यासाठी मूळ डेटा उतरवून घ्यावा लागतो, डेटा टॅबमधून तिकडे जायची वाटही दिलीय. मोबाईलवर चालते पण कम्पॅरिझन आणि स्केल बदलणं हे मोठ्या स्क्रीनवरच नीट जमतं. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा राखून ठेवला कारण मला मनापासून वाटतं की बायो-अर्गो फ्लोट्सचे खोलीचे आलेख याच नकाशावर, त्याच तारखेला, फ्लोटच्या ठिपक्यावर क्लिक करून उघडता यायला हवेत.

पहिल्यांदा बघणाऱ्यांनी २००४ च्या सप्टेंबरमधल्या आयव्हन हरिकेनपासून सुरुवात करा. मेक्सिकोच्या आखातावर जा, १० सप्टेंबर ही आधीची तारीख ठेवा, वादळ १६ तारखेला अलाबामाच्या किनाऱ्यावर चढलं, तिथून २५ पर्यंत एकेक दिवस पुढे जा. आधी फक्त एमयूआर तापमान लावा आणि आखातातले दोन गार भोवरे शोधा, ते वादळाच्या आधीपासून तिथे होते आणि आयव्हन त्यांच्यावरून गेलं तेव्हा तिथलं पाणी ३ ते ७ अंशांनी उतरलं. ते सापडले की मगच ॲक्वाची क्लोरोफिल लेअर चालू करा आणि त्याच दोन जागांवर माऊस ठेवून आकडे वाचा, तिथे कळस वादळानंतर तीन-चार दिवसांनी आला होता, मध्ये एखाद्या दिवशी ढग आडवे आले तर पुढच्या तारखेला जा.